खंडेनवमीची दुरुस्ती

१

शिवाजी पेठेत राजवीर सरनाईकाचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, आणि दुकानासमोर त्याची पांढरी डिझेल गाडी. दुकान लोकांसाठी, गाडी स्वतःसाठी. रोज सकाळी ती पुसल्याशिवाय हा माणूस चहाला तोंड लावत नसे. बायको संयोगिता एकदा म्हणाली होती, "अहो, एवढा हात माझ्या पाठीवरनं फिरवला असता तर मी पण चकाकले असते की." आता ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, गडहिंग्लजला गेली होती. तिच्या वाटणीचे लाडही गाडीच्याच वाट्याला आले होते.

खंडेनवमीच्या सकाळी त्यानं गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि चावी फिरवली. आत काहीतरी खट्‌कन वाजलं आणि सगळं शांत झालं. पुन्हा फिरवली, तर स्टार्टर नुसताच घरघरला. संध्याकाळी त्याला गडहिंग्लजला जायचं होतं. दसऱ्याला जावई सासरच्या दारात गाडीतून उतरणार, हे त्यानं इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं, की आता यष्टीनं जायचं म्हणजे नाक कापून घेतल्यागतच होतं.

कंपनीच्या वर्कशॉपला आज सुट्टी. पण फोनवरच्या माणसानं लक्षणं ऐकून सांगितलं, की टायमिंग बेल्ट तुटला असणार, तो तुटला की इंजिनातले व्हॉल्व वाकतात, सगळं खोलावं लागेल. मग त्यानं खर्चाचा अंदाज सांगितला. राजवीरनं फोन कानापासून लांब धरला, लांबून आकडा जरा लहान ऐकू येईल म्हणून. शेवटी तालमीतले चार गडी बोलावून त्यानं गाडी ढकलत पिराजी मिस्त्रीच्या गॅरेजात नेली.

पिराजी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसला होता. गाडी बघून त्यानं हात जोडले.

"राज्या, डोकं फिरलंय का तुझं? आज खंडेनवमी हाय. हत्यारं बसल्यात."

भिंतीकडेला लाल कापडावर सगळे पाने, हातोडे, पकडी ओळीनं मांडल्या होत्या. धुऊन, तेल लावून, हळदीकुंकू वाहिलेल्या. दारात एक बोकड बांधला होता आणि तो निवांत पाला खात होता.

"रातीला निवद दाखवायचा, उद्या सिलंगणाला उठवायची," पिराजी म्हणाला. "तवर हात न्हाय लावायचा. उपाशी हाईत ती."

"लोखंडाला कसली रं भूक? मला सांजच्याला जायाचं हाय."

"यष्टीनं जा की मग."

हे मात्र राजवीरला झोंबलं. पिराजीच्या पोरीला चांगल्या शाळेत प्रवेश त्यानं मिळवून दिला होता, आणि ते बोलून दाखवायला तो कधी कमी करत नसे. तेवढं त्यानं आत्ताही बोलून घेतलं. मग पुढं होऊन लाल कापडावरचा सगळ्यात मोठा पाना उचलला, त्यावरचं कुंकू आपल्या पँटला पुसलं आणि तो पिराजीच्या हातात कोंबला.

"हे बघ, उठवलं. पडलं का आभाळ?"

पिराजीनं पाना एकदा कपाळाला लावला. मग त्यानं बॉनेट उघडलं.

२

दुपारी राजवीर गॅरेजाबाहेर झाडाखाली चहा पीत उभा होता. गाडीची चावी त्याच्या खिशात होती, हे त्याला नंतर शंभरदा आठवून बघावं लागलं.

आतून आधी इंजिनाचा एक घुरका ऐकू आला. मग पिराजीची किंकाळी. राजवीर आत धावला तेव्हा पिराजी बॉनेटवर पालथा पडला होता, उजवा हात आत कोपरापर्यंत गेलेला, आणि तो पाय झाडून झाडून हात बाहेर ओढत होता. राजवीरनं त्याला कमरेला धरून खेचलं. हात सुटला तो रक्ताची पिचकारी घेऊनच. ती राजवीरच्या तोंडावर, शर्टवर, छतापर्यंत उडाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलं होतं. दारातला बोकड दावं तुटेस्तोवर ओढ घेत होता.

रिक्षात घालून त्यानं पिराजीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तुटलेली बोटं लगेच आणा, बघता येईल. तालमीतल्या गड्यांनी गॅरेज उलथंपालथं केलं, पण बोटं काही मिळाली नाहीत. कुत्र्यानं नेली असतील, असं शेवटी सगळ्यांनी ठरवलं.

संध्याकाळी पिराजी शुद्धीवर आला. चेहरा राखेसारखा पडला होता. राजवीर मान खाली घालून म्हणाला, "सगळा खर्च माझ्याकडं, पिराजी. चुकलो मी."

पिराजीला ते ऐकूच गेलं नसावं. तो छताकडं बघत म्हणाला, "राज्या, पट्टा न्हवताच रं बसवला. जुना काढून टाकलेला, नवा डब्यातच हाय. आत फिरणारं कायबी न्हवतं. मग माझी बोटं गेली कशात?"

राजवीरला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतोय. रात्र पडायच्या आत गॅरेजला कुलूप लावायला तो परत गेला. तुटलेला जुना बेल्ट जमिनीवर पडला होता. नव्या बेल्टचा डबा फळीवर होता आणि त्याच्यावरची चिकटपट्टीसुद्धा कुणी सोडवलेली नव्हती. गाडी बाहेर ढकलायची म्हणून गिअर सोडवायला तो आत बसला आणि नुसत्या सवयीनं चावी फिरवली.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आवाज असा गोड, की शोरूममधून आत्ताच काढल्यागत.

त्यानं स्वतःची समजूत घातली. पिराजीनं दुसरा कुठला तरी बेल्ट बसवला असेल. एवढी जखम झाल्यावर माणसाला काय आठवणार? समजूत बऱ्यापैकी पटली. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच गाडीतून सासरी जाऊन ओवाळून घेतलं.

३

त्यानंतर गाडी आठवडाभर सुतासारखी पळाली. मग एका सकाळी रंकाळ्याच्या रस्त्यावर ती बंद पडली.

चावी फिरवून फिरवून तो थकला. फिरायला आलेली चार भली माणसं मागून ढकलू लागली. पुढच्या चाकाजवळ एक तांबडं कुत्रं उन्हाला पसरलं होतं. राजवीरनं हॉर्न वाजवला, तसं ते उठलं, आळस देऊ लागलं. तेवढ्यात गाडीनं पुढं झेप घेतली. ढकलणारे मागच्या मागं रस्त्यावर आपटले. राजवीरचा पाय ब्रेकवर होता, पूर्ण दाबलेला. खालून हाडं मोडल्याचा आवाज आला, मग एक लांबलचक केकाटणं, आणि ते मध्येच तुटलं. इंजिन चालू झालं होतं. तोच गोड आवाज.

घरी येऊन त्यानं चाक धुतलं. योगायोग, तो स्वतःला म्हणाला, आणि तेवढा शब्द त्याला पुरला.

पुढच्या वेळी गाडी दुकानासमोरच बंद पडली. त्यानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि बॉनेट वरून कोसळलं. आधाराची दांडी नीट लावलेली होती, शेजारच्या पानवाल्यानं स्वतः पाहिलं होतं. पत्र्याची कड दंडात हाडापर्यंत शिरली. राजवीर ओरडत दंड धरून खाली बसला, रक्त बोटांच्या फटीतून इंजिनावर टपटपलं, आणि गाडी सुरू झाली. आत कुणीही नव्हतं.

"वायरिंगचा घोटाळा असंल," पानवाला म्हणाला, पण तो दोन पावलं मागं सरकून म्हणाला.

दंडाला टाके घालून घेताना राजवीरनं पहिल्यांदा सगळं ओळीनं लावून बघितलं. लावलं आणि लगेच मोडलं. शिकलासवरला माणूस तो, असल्या गोष्टी पारावर बसून हसण्यावारी न्यायच्या असतात. पण त्या दिवसापासून गाडी पुसायचं मात्र त्यानं बंद केलं.

४

शेवटी खर्चाचा विचार सोडून तो कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथला मुख्य मिस्त्री उदयसिंह नावाचा, तीसेक वर्षं गाड्या उघडलेला, गमत्या माणूस. "साहेब, गाडी म्हंजे बायकोगत. नीट ऐकून घेतलं तर सगळं सांगत्या," असं म्हणत त्यानं बेल्टवरचं कव्हर सोडवायला घेतलं. राजवीर काचेपलीकडं बाकावर बसला.

कव्हर निघालं. उदयसिंहनं आत टॉर्च मारला आणि तसाच वाकून राहिला. हात हलेनात, पाय हलेनात. मग त्यानं हळूच कव्हर जागेवर बसवलं, एकेक स्क्रू घट्ट आवळला, आणि बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुऊ लागला. धुतले, हुंगले, पुन्हा धुतले.

राजवीर त्याच्याजवळ गेला. "काय झालं?"

"शेवटची कुणी उघडलीती?"

"पेठेतल्या पिराजीनं."

"मग त्यालाच इचारा."

"अहो, आत बेल्ट हाय का न्हाय, एवढं तरी सांगा की."

उदयसिंहनं नळ बंद केला. "हाय कायतरी," तो म्हणाला. "बिल काय न्हाय. फकस्त गाडी आमच्या गेटाच्या भायेर न्या, आत्ताच्या आत्ता."

वर्कशॉपनं फुकट काम करून परत पाठवलं, असं राजवीरच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. कुठल्याही आकड्यानं बसला नसता एवढा धसका त्यानं घेतला. तिथून तो थेट पिराजीकडं गेला. पिराजीनं सगळं ऐकलं आणि बँडेज बांधलेला हात चादरीखाली सरकवला.

गाडी विकायची, हे राजवीरनं तिथून उठतानाच ठरवलं. जो घेईल त्याचं काय, हा विचार मनात आला होता. त्यानं तो बाजूला ढकलला, आणि त्याची त्याला लाज वाटली.

५

गिऱ्हाईक गडहिंग्लजमध्येच मिळालं. संध्याकाळी गाडी ताब्यात द्यायची, रात्री सासरी मुक्काम, सकाळी यष्टीनं परत. आता यष्टी त्याला स्वर्गाहून गोड वाटत होती. सासूबाई शालूबाईंनी त्याला जेवायला वाढलं. त्यांना तो मामी म्हणे. जेवता जेवता आतल्या खोलीतून संयोगितेनं हाक मारली.

ती भिंतीला धरून उभी होती. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. "अहो, डोकं फुटतंय माझं. आणि डोळ्यांपुढं नीट दिसंना झालंय."

घरी बोलावलेल्या गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि त्यांचा आवाज बदलला. इथं जमणार नाही, कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात हलवा, एका जिवाचा नाही, दोन जिवांचा प्रश्न आहे. अँब्युलन्स आजऱ्याकडं गेली होती, यायला वेळ लागणार होता. दिवाळी तोंडावर, भाड्याच्या गाड्या सगळ्या बाहेर. राजवीर एकेक नंबर लावत होता, आणि डॉक्टर त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"दारात गाडी उभी आहे ना तुमची?" ते म्हणाले. "मग वाट कुणाची बघताय?"

शालूबाई लेकीला हाताला धरून बाहेर आणू लागल्या. राजवीर "आलो" म्हणून मागच्या पडवीत गेला. तिथं भाजी चिरायची विळी होती. त्यानं डावा तळहात पात्यावर ठेवला, दात आवळले आणि ओढला. हात आत फाटत गेला. मुठीत रक्त धरून तो पुढं पळाला, बॉनेट वर केलं आणि मूठ इंजिनावर उघडली.

"घे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माझं घे. आजच्या दिवस मला पोचव." आपण गाडीशी बोलतोय याची त्याला आता शरम उरली नव्हती.

हाताला रुमाल गुंडाळून तो आत बसला. शालूबाईंनी विचारलं, तेव्हा पत्रा लागला म्हणाला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

६

हायवेवर वाहनांची रांग लागलीय असं कळलं, म्हणून त्यानं मधला रस्ता धरला. दोन्ही बाजूंना उंच ऊस, वर टळटळीत ऊन. मागच्या सीटवर संयोगिता आईच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. निम्मी वाट सरली असेल, आणि इंजिन गप्प झालं. गाडी घरंगळत कडेला गेली.

"काय झालं, जावईबापू?"

"कायबी न्हाय मामी. आत्ता चालू हुतीया."

तो उतरला. बॉनेट उघडलं. रुमाल सोडून जखम पिळली, पुन्हा पिळली. चावी फिरवली. काही नाही. जखमेत बोट घालून ती उकलली, डोळ्यांपुढं काजवे चमकले, रक्त कव्हरवरून ओघळलं. काही नाही. त्याचं रक्त आता चालत नव्हतं.

कव्हरच्या कोपऱ्याला एक तडा गेला होता. मोबाइलचा टॉर्च लावून त्यानं तिथून आत बघितलं. इंजिन बंद होतं, चावी त्याच्या हातात होती, आणि आत काहीतरी सावकाश फिरत होतं. रबर नव्हतं. फिकट होतं, ओलं होतं, त्याला बारीक सुरकुत्या होत्या. ते फिरत फिरत तड्यासमोर आलं, आणि त्याला त्यावर एक नख दिसलं.

तो मागं हटला.

"व पावणं," कुणीतरी हाक मारली. "गाडी मोडली व्हय?"

डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक म्हातारी रस्त्यानं येत होती. तिनं भारा खाली टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि मागच्या सीटवर डोकावली. "आगं बाई, पोरगी अवघडलीया की. मी धोंडुबाई, हितंच मळ्यात ऱ्हात्या. पानी आनू का?"

पाणी नको होतं. काय हवं होतं ते राजवीरला ठाऊक होतं. आतून संयोगिता ओरडली. तोलून मापून बघण्यात त्याचा क्षणसुद्धा गेला नाही, हे त्याचं त्याला जाणवलं. म्हातारी कुणाची तरी आई असेल, आजी असेल, असूदे.

"मावशी," तो म्हणाला, "जरा हिकडं या. हे कव्हर दाबून धरा की. मी चालू करून बघतो."

धोंडुबाई आली. गोंदलेला, हिरव्या बांगड्यांचा हात तिनं विश्वासानं आत घातला आणि नेमका त्या तड्यावर ठेवला. "असा?"

"असाच," राजवीर म्हणाला. त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना. तो दाराकडं गेला. चावी लावायच्या आधीच इंजिन सुरू झालं.

७

त्यानं डोळे गच्च मिटले आणि किंकाळीची वाट बघितली.

"झाली की व चालू!" धोंडुबाई म्हणाली.

तो धावत पुढं आला. ती दोन्ही हात पदराला पुसत उभी होती. त्यानं ते हात धरले, उलटे केले, सुलटे केले. बोटं सगळी जागच्या जागी. कुठं साधा ओरखडासुद्धा नाही. म्हातारी गोंधळून हसायला लागली, "काय बगताय पावणं?" आणि राजवीर ढसाढसा रडायला लागला. कुणाला काही झालं नव्हतं. थेंबभर रक्त न सांडता गाडी चालू झाली होती. वायरिंगच होतं ते. नख नव्हतं, नजरेचा खेळ होता. कुत्रं योगायोगानं मेलं, बॉनेट योगायोगानं पडलं, आणि तो एका गरीब म्हातारीचा हात तोडायला निघाला होता. त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला.

"आता पळीव बाबा," ती म्हणाली. "येळ लावू नगंस."

त्यानं गाडी सोडली. ऊस मागं पडू लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा श्वास छातीभर आला. गाडी लोण्यावरून सुरी जावी तशी चालली होती, खड्डासुद्धा जाणवत नव्हता. संयोगितेचं कण्हणं थांबलं होतं.

"बरं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"डोकं उतरलं बघा," ती म्हणाली. आवाज झोपाळलेला, लांबून आल्यासारखा. "एकदम हलकं हलकं वाटतंय. अहो, पाय गार का पडल्यात माझं? आणि सीट कशानं ओली झाली?"

शालूबाईंनी लेकीच्या अंगाखाली घातलेले हात बाहेर काढले. त्यांनी हात वर धरले, ते राजवीरला आरशात दिसले. मनगटाच्या वरपर्यंत लाल, आणि कोपरांवरून धार गळत होती.

त्यानं ब्रेकवर पाय मारला. पाय तळापर्यंत गेला. गाडी मात्र पळतच राहिली, आणि आजवर कधी पळाली नव्हती इतकी छान पळत होती.